पोकळ ठेवलेलं नाव

आकाराम पेंटरचं अक्षर मुळात आलं कुठून, याच्या मी गावागणिक वेगळ्या गोष्टी सांगत आलोय. विट्यात सांगितलं, की त्यानं एका खिलार बैलाला दिवसभर उन्हात उभं केलं आणि त्याच्या पायांवरून काना गिरवला. पलूसकडं सांगितलं, की एक पैलवान चिडून त्याच्या ओल्या अक्षरावर उभा राहिला, ते बुडाशी पसरलं ते पसरलंच. आणखी एक आहे, ती बायामाणसांसमोर सांगण्यासारखी नाही. सगळ्या खोट्या. पण कुस्तीच्या मैदानात माईक धरून ज्याचं आयुष्य गेलं, त्यानं लोकांना आवडेल ते सांगायचं नाही तर काय सांगायचं? आता घसाच नको म्हणतो. म्हणून खरं काय ते लिहून टाकतो. खरं सांगायला फार आवाज लागत नाही, हे मला उशिरा कळलं.

तर खरं असं. मैदानात धूळ उडते. धुळीतून, लांबून, सरळ काना पाहिला की तो दोन्ही टोकांना झिजल्यासारखा दिसतो. वर्षभरात ऊनही आधी टोकंच खातं. म्हणून आकाराम टोकं रुंद करायचा. मधे कंबर किंचित आत, खाली पाय रोवलेले, वर खांदे फुगवलेले. वरची रेघसुद्धा दोन्हीकडं शिंगासारखी फुलत गेलेली. आणि जाड म्हणाल तर एवढं जाड, की त्याच्या वजनानं एका शाळेची भिंत पुढं झुकली होती म्हणतात. मी पाहिली नाही, पण म्हणणारा मीच आहे.

मैदान ठरलं की खटाव-खानापूरच्या भिंतींवर जोडीची नावं आकाराम लिहायचा आणि मैदानात तीच नावं मी ओरडायचो. मी सांगलीकडचा धन्यकुमार, मैदानातला अण्णा. तो वडूजजवळचा. आमची सोयरीक भिंतीची. लोक ती नावं वाचत नसत. पिवळ्यावर लाल, पाय रोवलेलं अक्षर लांबून दिसलं की टेम्पोत चढायचे. नाव कुणाचं, ते पोचल्यावर विचारायचे. विट्याचा एक गलाईवाला, सोनं गाळायचं दुकान टाकायला कोइमतूरला निघाला, तो आकारामाकडून पाटी रंगवून घेऊन गेला. तिथं कुणाला मराठी वाचता येईना, पण माणसं म्हणे पाटीखालनं जाताना चपला काढायची.

एक रीत मात्र या भागातल्या पोराटोरांनाही ठाऊक होती. आकाराम आधी अक्षराची नुसती कड ओढायचा, मग आत रंग भरायचा. जोड पक्की झाली की नाव भरायचं. एखादा पैलवान जायबंदी झाला, घरात काही झालं, येणार नाही असा निरोप आला, की त्याचं नाव पुसायचं नाही, भरायचंही नाही. पोकळ ठेवायचं. नाव पुसणं म्हणजे अपमान. पोकळ नाव म्हणजे, माणूस आपलाच, पण येणार नाही. असं नाव दिसलं की लोक भिंतीपाशी जरा थांबायचे, डोक्यावरची टोपी सारखी करायचे आणि पुढं जायचे.

पुढं भिंती गेल्या. फ्लेक्स आले. आकारामाच्या भावाची नात क्रांती पुण्याला अक्षरांचं काहीतरी शिकायला गेली, आणि सुट्टीत येऊन उरल्यासुरल्या भिंतींचे फोटो काढत फिरली. त्यातनं तिनं आबाच्या, म्हणजे आकारामाच्या, अक्षराचा फाँट केला. त्याला आबाचंच नाव दिलं आणि कुणीही घ्यावं म्हणून नेटवर टाकून दिला. आबाला फार बरं वाटलं. महिनाभर वाटलं.

मग ते अक्षर सुटलं. वाढदिवस, साखर कारखान्याची निवडणूक, बोअरवेल, मिसळ, हळदीची पाकिटं, गुळाचे बॉक्स, सलूनचं उद्घाटन. सांगलीच्या एका बोळात 'येथे लघवी करू नये' हेसुद्धा पाय रोवून, खांदे फुगवून लिहिलेलं. मला वाटलं, आता इथं कुस्तीच लागणार. आकाराम एसटीनं निघाला की खिडकीकडं बघायचाच नाही.

"अण्णा," एकदा मला म्हणाला, "जिथं जाईल तिथं माझाच आवाज मला ऐकू येतोय रं. डोस्कं उठलंय."

"मग मी काय म्हणावं? मी तर खराच ओरडत आलोय."

"तू संध्याकाळी गप तर बसत हुतास. ही बसतच न्हाईत."

त्याच्या बायकोला, साळूबाईला, ही अक्षरं पहिल्यापासून आवडत नव्हती. मूल नाही, बाळ नाही, घरात दोनच माणसं, आणि ओसरीवर हात बसवायला म्हणून त्यानं रंगवलेले पत्रे. "भांडायला उठल्यागत दिसत्यात," म्हणायची. ती बोलायचीच इतकं हळू, की जेवायला हाक मारली तरी मांजरच आधी यायचं. गेल्या हिवाळ्यात आजारी पडली, तेव्हा नवऱ्याला जवळ बोलावून म्हणाली, "म्या गेले तर चौकात बोंबलत नेऊ नगा. लावायचंच असलं काय, तर कुणी दचकनार न्हाई असं लावा. आन तुमच्या हातचं लावा. दुसऱ्याचं नगं."

चैत्रात गेली. दुपारी कलंडली, ती उठलीच नाही. मी सावडायला गेलो, तेव्हा आकाराम भिंतीला टेकून बसला होता. रडत नव्हता. माणूस खूप लांबून चालत आला की बसतो, तसा बसला होता.

"दहाव्याला फलक लावायचाय," म्हणाला. "तिला कबूल केलंय. माझ्या हातचं पायजे आन ओरडलं न्हाई पायजे. हात थरथरतोय, मोठ्या कापडावर लिवणं आता हुत न्हाई. मशीनवर करू. तुझ्या भाच्याचं दुकान हाय न्हवं सांगलीला?"

साळूबाईची थोरली बहीण रंगूबाई चुलीपाशी होती, तिच्या कानावर गेलं. "आवं, सुतकात मानूस उंबरा वलांडत न्हाई. हे निघालं सांगलीला शॉपिंगला."

"रंगूबाई, तिचंच काम हाय."

"तिचंच काम करायचं हुतं तर तिच्या हयातीत करायचं. गावच्या समद्या रेड्यांची नावं भितीवर चढवलीसा. तिचं कवा लिवलं?"

आम्ही विट्यावरून सांगली गाठली. आर्जव, माझ्या बहिणीचा मुलगा, त्याचं दुकान हळदीच्या बाजाराजवळ. आत फ्लेक्सचा रबरी वास, बाहेर हळदीचा. पोरगा अदबीचा. खुर्ची पुसून दिली, चहा मागवला आणि आकारामाचंच अक्षर आकारामाला पडद्यावर काढून दाखवलं. साळूबाई. पडदाभर. पाय रोवून उभी.

आकारामानं डोळे मिटले. "बारीक कर."

आर्जवनं आकार लहान केला. "आता आजोबा?"

"आता लांबनं ओरडतीया."

रंग फिका राखाडी केला.

"आता घसा बसलेलं मानूस ओरडतंय."

मग आर्जवनं काहीतरी खटपट करून अक्षराची जाडीच कमी केली. कान्यांच्या काड्या झाल्या, पण टोकं तशीच पसरलेली राहिली. आम्ही तिघं बघत बसलो.

"उपाशी पैलवान," आकाराम म्हणाला. "पर आखाडा काय सोडत न्हाई."

आर्जवला कणव आली. "मामा, दुसऱ्या फाँटमध्ये करू ना. शांत आहेत पुष्कळ." त्यानं एक दाखवला. गोल, सडपातळ, दवाखान्यातल्या नर्ससारखा सभ्य.

आकाराम पडद्याकडं झुकला. "हे कुनाच्या हातचं?"

"कंपनीचं आहे आजोबा. माणूस कोण ते नाही माहीत."

"मग त्यानं साळूला बघितलेली न्हाई."

शेवटी क्रांतीला फोन लावला. ती रडली आधी. मग म्हणाली, "आबा, त्यात एकच जाडी आहे. मी भिंती बघून काढलं ते. तुम्ही भिंतीवर कधी बारीक लिहिलंत का, सांगा. दाखवा मला, मी लगेच करते."

आकारामानं मान हलवली. "न्हाई," तो म्हणाला. "कवाच न्हाई." आणि फोन माझ्याकडं दिला.

फलक न करताच आम्ही निघालो. मी माझ्या घरी राहिलो, तो गावी गेला. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी मी परत वडूजला उतरलो, तेव्हा तो मला न्यायला स्टँडवर आलेला. डोकं भादरलेलं. चौकात आलो आणि दोघंही जागच्या जागी थांबलो.

चौकाच्या मधोमध, दोन वाढदिवसांच्या मधे, पिवळ्यावर लाल: साळूबाई. त्याखाली मोठ्यानं उद्याची तारीख, सकाळची वेळ आणि येरळा नदीचा काठ. अगदी खाली, खांबाला बांधलेल्या दोरीमागं, 'दशक्रिया विधी' हे बारीक अक्षरात. फोटो नाही, कारण साळूबाईनं पदर तोंडावर ओढल्याशिवाय कधी फोटो काढूच दिला नव्हता.

हे काम तिच्या भाच्याचं, भावाच्या पोराचं. शिवतेज. फौजेत असतो, सुट्टीवर आलेला. त्यानं फोनवरनं ऑर्डर दिली होती, आणि फ्लेक्सवाल्यानं गेल्या वर्षीच्या मैदानाची फाईल उघडून त्यात नाव बदललं होतं. घरी गेल्यावर तो पुढं आला आणि सावधानमध्ये उभा राहून म्हणाला, "मामा, समद्या नाक्यावर लावलेत. विट्यापातूर. आत्याचं नाव आजपातूर कुठंच आलं न्हवतं, म्हणलं एकदा तरी दणक्यात येऊ दे."

मला वाटलं, आता आकाराम फाडून काढेल त्याला. आकारामानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चांगलं केलंस," म्हणाला. मग ओसरीवर माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "कबूल केल्यालं एकच हुतं रं. तेबी न्हाई जमलं."

सकाळी आम्ही नदीवर गेलो. नदी म्हणायची, पाणी म्हणाल तर डबक्यापुरतं. घरची माणसं, भावकी, भटजी, न्हावी. रंगूबाईनं पिंडाचा भात आणलेला. सगळं व्यवस्थित, हळू आवाजात चाललेलं.

तेवढ्यात पहिला टेम्पो आला.

त्यात वीसेक माणसं उभी होती. उतरली आणि काठाच्या कडंनं गोल करून बसली, मैदानाला बसतात तशी. मग दुसरा. मग जीपगाड्या, दुचाक्या. एक उसाचा रसवाला आला, त्यानं झाडाखाली चरक लावला. गॉगलवाला आला. बर्फाच्या गोळ्याची गाडी आली. थोड्या वेळानं हलगी वाजायला लागली. आता मी वाढवून सांगतो अशी माझी ख्याती आहे, म्हणून आकडा सांगत नाही. एवढंच सांगतो, की रसवाल्याचा ऊस भटजींचा संकल्प सुटायच्या आधी संपला.

जत्रांचे दिवस. पिवळ्यावर लाल, पाय रोवलेलं अक्षर, तारीख, वेळ, नदीचा काठ. खालचं बारीक कोण वाचतो? हल्ली पोरीही कुस्त्या खेळतात. पंचक्रोशी धरून चालली होती, की साळूबाई म्हणून कुणी नवी जबरदस्त पैलवान आली आहे. शंभूराज नावाचा विट्याकडचा वस्ताद तालमीतल्या पोरी घेऊन आला होता. त्या दंडाला तेल लावत होत्या.

रंगूबाईनं भाताचं पातेलं खाली ठेवलं. "आवं अण्णा, आता माझ्या भनीची कुस्ती लावताय व्हय? कुनासंगं लावताय, ते तरी कळू द्या. जिती हुती तवा तिनं चिलटसुदा मारलं न्हाई."

मी लोकांना सांगायला उठलो, आणि तिथंच माझं चुकलं. मी उठलेला दिसलो आणि सगळ्या काठानं ओळखलं. अण्णा आहे म्हणजे जोड मोठी आहे. शेजारच्या गावच्या जत्रा कमिटीचा भाऊसो पळत आला. टेम्पोवर कर्णा बांधूनच आणला होता पठ्ठ्यानं. माझ्या हातात माईक देऊन म्हणाला, "अण्णा, घ्या. दुसरी बाजू कोन ते फोडू नका लगीच. जरा ताणा."

"भाऊसो, अरं ही मयत झालीया. दहावा हाय."

"आं?" हलगी एवढी जोरात होती, की त्याला काही ऐकू गेलं नाही. "व्हय व्हय, तेच सांगा."

मी माईक तोंडाशी धरला. हळू बोलायचं ठरवलं. "मंडळी," म्हणालो. बस, एवढंच. कर्ण्यातनं तो शब्द मैदानातल्यासारखा गडगडत बाहेर पडला. शिट्ट्या उठल्या, टोप्या उडाल्या, हलगीवाल्यानं चाल वाढवली. पुन्हा म्हणालो, "मंडळी, शांत राहा." आणखी शिट्ट्या. आयुष्यभर मी हेच वाक्य कुस्ती सुरू होण्याआधी म्हणत आलो होतो. मग कळलं, माझ्या घशातही एकच जाडी होती. बारीक प्रकार मीही कधी ठेवला नव्हता. मी माईक खाली केला.

आकाराम उठला. ओलं धोतर, उघडं अंग, भादरलेलं डोकं. काठावरच्या पंपघराकडं चालू लागला. त्या पंपघराची भिंत त्याचीच. नदीवर मैदान भरायचं त्या काळात जोडीची नावं तिथंच लिहायचा. आता नुसता पांढरा चुना. जाताना त्यानं आपल्या पिशवीतनं ब्रश आणि गेरूचा डबा काढला. सुतकात असला तरी पेंटर पेंटरच.

लोकांच्या माना तिकडं वळल्या. जुनी माणसं उठून उभी राहिली, कारण भिंतीवर आकारामाचा हात चालतो आहे हे किती वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "आरं थांबा, पेंटर लिवतोय." हलगी जरा मंदावली.

आधी वरची रेघ. त्यानं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. दोन्ही टोकांना रेघ हळूच फुलवली. मग एकेक अक्षराची कड. तीच कंबर, तेच रोवलेले पाय, तेच खांदे. काही बारीक केलं नाही, काही लपवलं नाही. साळूबाई. पुरुषभर उंचीचं नाव, नुसत्या कडेचं, आत चुना तसाच पांढरा.

शेवटच्या अक्षराची कड पुरी करून तो मागं सरला. सगळा काठ वाट बघत होता, आता भरेल. आकारामानं ब्रश डब्यात उभा ठेवला. डबा भिंतीच्या बुडाशी ठेवला. आणि भिंतीकडं पाठ करून खाली बसला.

आधी हलगी थांबली. हलगीवाला म्हातारा होता, त्याला पहिल्यांदा कळलं. मग शंभूराज वस्तादानं डोक्याचा फेटा उतरवून मांडीवर घेतला. मागची माणसं पुढच्यांना हळूच विचारू लागली आणि पुढची हळूच सांगू लागली. येनार न्हाई. गेली. पेंटरची मालकीन. तेल लावलेल्या पोरींनी अंगावर ओढण्या घेतल्या. रसवाल्यानं चरकाची घुंगरं हातानं दाबून धरली. एवढ्या माणसांत येरळेच्या डबक्यात बेडूक उडी मारतो ते ऐकू आलं, आणि हे मात्र मी वाढवून सांगत नाही.

कुणी उठून गेलं नाही. आलेच होते, बसले. भटजींनी राहिलेला विधी पुरा केला. कावळ्याचं विचाराल तर सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, अण्णानं रचलं.

नंतर एकेक माणूस भिंतीपाशी जाऊन, टोपी सारखी करून टेम्पोत चढला. शिवतेज मात्र हातातली टोपी चुरगाळत भिंतीसमोर उभाच राहिला. रंगूबाईनं फडक्यात बांधून आणलेली भाकरी आकारामाच्या पुढ्यात ठेवली. भिंतीकडं एकदा वर बघितलं. "लिवलं म्हनायचं," म्हणाली. "खा आता."

क्रांतीला कुणीतरी तिथूनच फोटो पाठवला होता. दुपारी तिचा फोन आला. फाँटमध्ये हा पोकळ प्रकार घालू का, विचारत होती.

"नगं," आकाराम म्हणाला. "एवढं एक माज्याकडंच ऱ्हाऊ दे." मग म्हणाला, "आन बाई, जेव. आवाज लय बारीक येतोय तुझा."

ऊन कलल्यावर आम्ही दोघंच काठावर उरलो. डब्यातला गेरू सुकत आलेला. मी सहज विचारलं, "भरनार न्हाईस?"

त्यानं गुडघ्यावर हात ठेवले. "जल्मभर भरतच आलो की रं अण्णा. दमलो."

भाऊसोचा माईक माझ्या मांडीवर तसाच होता. बघतो तर चालूच. मी त्याचं बटण बंद केलं, आणि आम्ही तसेच बसून राहिलो.